दाराची कड, पार्किंगचा खांब आणि मामांचे गुडघे

वाचकाचं पत्र

आमची पांढरी ब्रेझा घेऊन अजून सहा महिनेही झाले नाहीत. विजापूर रोडवरच्या अपार्टमेंटमध्ये आमची पार्किंगची जागा अशी आहे की गाडी सरळ आत घातली की डावीकडे खांब आणि उजवीकडे शेजाऱ्यांची गाडी. सासऱ्यांना (मी त्यांना मामाच म्हणते) गुडघ्यांचा त्रास आहे. उतरताना ते दारावर भार टाकतात आणि दार खांबावर आदळतं. पुढच्या डाव्या दाराच्या कडेचे दोन टवके उडालेत, त्यातल्या एकात तपकिरी ठिपका दिसायला लागलाय. त्यातच शेजारच्या काकांच्या राखाडी गाडीवर पांढरा ओरखडा निघाला. आमच्या मुलाने मागचं दार उघडताना तो पाडला, असं त्यांचं म्हणणं आहे. अ‍ॅक्सेसरीजचा दुकानदार म्हणतो, चारही दारांना क्लिपचे क्रोम गार्ड बसवा, आयुष्यभर हलणार नाहीत. मिस्टर म्हणतात, दाराला सगळीकडून रबराचं बीडिंग फिरवून टाकू. काय बसवावं? आणि मामांना कसं सांगावं? ते फार मनाला लावून घेतात.

– एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, आधी त्या तपकिरी ठिपक्याचं बोलू. गार्ड पंधरा दिवसांनी घेतला तरी चालेल, ठिपका मात्र थांबणार नाही.

तुमच्या गाडीच्या दाराच्या कडेवरून एकदा बोट फिरवून बघा. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर करंजीला मुरड घालतात तसा दुमडून घट्ट दाबलेला असतो. त्या दुमडीत पाणी जाऊ नये म्हणून कारखान्यात सीलंट भरतात आणि वरून रंगाचे थर येतात. गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) असं सगळं धरून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे वहीच्या एक-दीड कागदाएवढी. तीही सपाट भागावर. ओला रंग तीक्ष्ण धारेवर ठरत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो, त्यामुळे कडेवर तो आणखी पातळ बसतो. जिथे ठोकर सगळ्यात जास्त लागते नेमका तिथेच रंग सगळ्यात कमी, हे दाराच्या कडेचं मूळ दुखणं आहे.

दाराच्या पोटावरचा ओरखडा वर्षभर तसाच राहिला तर वाईट दिसतो, बाकी फारसं बिघडत नाही. कडेचा टवका वेगळा. तिथून ओल दुमडीत शिरली की गंज आतून पसरतो आणि वरचा रंग फुगून येईपर्यंत कळतही नाही. म्हणून हे काम याच आठवड्यात उरका.

गाडीच्या रंगाचा कोड सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्या आणि त्याच कोडचा टचअप रंग आणा. तुमचा पांढरा साधा आहे की पर्ल, तेही विचारा. पर्लमध्ये रंग आणि क्लिअर कोट यांच्या मधे चमकीचा एक वेगळा थर असतो, त्यावर साधा पांढरा लावला तर ठिगळ लांबून दिसतं. कड धुऊन पूर्ण वाळू द्या. बारीक वॉटर पेपरचा (घासायच्या कागदाचा) शेंगदाण्याएवढा तुकडा काडीच्या टोकाला गुंडाळा आणि फक्त ठिपक्यावर फिरवा, तपकिरी जाऊन चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. आजूबाजूचा चांगला रंग घासू नका. मग टूथपिकच्या टोकाने प्रायमरचा एक थेंब. तो वाळला की रंगाचे दोन-तीन पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा, आणि शेवटी क्लिअर कोट. बाटलीतल्या ब्रशने एकदाच जाड थर थोपला तर त्याची गाठ होते आणि पुढच्या ठोकरीला ती गाठच उडते. हे सगळं सकाळी लवकर, सावलीत करा. घासल्यावरही ठिपका खोल जाताना दिसला किंवा कडेजवळचा रंग नखाने दाबल्यावर पोकळ वाटला, तर घरी खटपट न करता चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा.

विम्याच्या क्लेमचा विचार कुणी सुचवला तर नको म्हणा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले १००० रुपये आपल्याच खिशातून जातात. शिवाय एकही क्लेम न करता वर्ष काढलं की पुढच्या हप्त्यात मिळणारा २० टक्क्यांचा नो क्लेम बोनस हातचा जातो. तो वर्षागणिक वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. दोन टवक्यांसाठी तो घालवू नये.

आता गार्डकडे वळतो. दुकानदाराच्या क्लिपच्या गार्डला माझा स्पष्ट विरोध आहे आणि त्याला कारण आहे.

माझ्या आधीच्या गाडीला मी हौसेने तसेच गार्ड बसवून घेतले होते. बाहेरून क्रोम, आत यू आकाराची स्टीलची क्लिप, कडेवर ठोकून बसवायची. दिसायला देखणे, बसायला घट्ट. दोन पावसाळ्यांनी एक गार्ड जरा सैल झाला म्हणून काढला. आत काळ्या मातीचा थर वाळून विटेसारखा घट्ट झाला होता. तो बोटाने फोडला तेव्हा खाली रंगावर क्लिपच्या दातांचे ओळीने ठसे दिसले आणि प्रत्येक ठशात गंजाचा कण. चार बोटांच्या पट्ट्यात मी सात मोजले. ज्या कडेला गार्डने वाचवायचं, तीच त्याने खाल्ली होती. बसवताना दुकानदारानेही आयुष्यभराचीच हमी दिली होती. गार्ड खरंच हलला नसता, खालचा पत्रा संपला असता.

आपल्याकडे गंज कोकणातल्यासारखा लागत नाही, असं सोलापुरात सगळेच म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. हवा कोरडी, पाऊस कमी. कडेवर पाणी पडलं तरी तासाभरात सुकतं. आपल्या गावाने गाडीला दिलेला हा मोठा फायदा आहे. पण कडेवर असं काही चढवलं की ज्याच्या आत धूळ भरते आणि ती धूळ पाणी धरून ठेवते, तर भर उन्हाळ्यातही ती कड आतून ओली राहते. मग सोलापूर काय आणि रत्नागिरी काय. शिवाय आपली धूळ म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. दार आपटताना गार्ड केसभर हलतो आणि आतली धूळ रंग घासत राहते.

मिस्टरांना सांगा, दाराला सगळीकडून बीडिंग तर मुळीच नको. खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी थोडंफार दाराच्या आत उतरतंच. गाडी बनवणाऱ्यांना ते ठाऊक असतं, म्हणून दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. बीडिंग खालून फिरवलं की ती बुजतात आणि दार आतून पाणी साठवायला लागतं. आज संध्याकाळी दार उघडून खाली वाकून बघा. दोन-तीन चिरा दिसतील, त्यांत बहुधा माती असेल. जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी घेऊन हळूच फिरवा. मी हे दर पावसाळ्याआधी करतो. मातीची गोळी बाहेर येते, कधी तिच्यामागून थेंबभर मळकं पाणीही येतं. गार्ड घेतला नाहीत तरी एवढं मात्र कराच.

मग लावायचं काय? तुमच्याकडे दोन वेगळे त्रास आहेत. मामांच्या बाजूचं दार सिमेंटवर आदळतं, मुलाचं दार दुसऱ्या गाडीच्या पत्र्यावर टेकतं. सिमेंटची ठोकर सोसायला जाडजूड, मऊ काहीतरी लागतं आणि जाडजूड वस्तू दाराच्या कडेवर मावत नाही. पुढचं दार उघडतं तेव्हा त्याची मागची कड मागच्या दाराला अगदी चाटून जाते, मधली फट जेमतेम चार-पाच मिलिमीटर असते. जाड गार्ड लावला तर तो मागच्या दाराचा रंग सोलतो. तेव्हा मऊ वस्तू खांबाला बांधा आणि दाराला फक्त पातळ पट्टी लावा.

खांबाला काय बांधायचं याला फार डोकं लावू नका. जुना योगा मॅट, फोमची जाड शीट, दुचाकीच्या जुन्या टायरचा उभा कापलेला तुकडा, काहीही चालेल. आपल्याकडे घरोघरी जुन्या चादरी आणि टॉवेल असतात, ते गुंडाळायचा मोह होईल. त्यावर धूळ बसते, तीच धूळ पुढच्या वेळी दाराला घासते, म्हणून चादर नको. पुसता येईल असंच काही हवं. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा आणि खांबात खिळा न ठोकता पट्ट्याने बांधा.

किती उंचीवर बांधायचं ते असं शोधा. खांबावर त्या बाजूने खडू नीट फासा, मग दार अगदी हळू, हाताने धरून खांबाला टेकेपर्यंत उघडा. कडेवर जिथे खडू उमटेल तीच दाराची सगळ्यात फुगीर जागा. तुमची गाडी पांढरी आहे, तेव्हा रंगीत खडू घ्या. एका सपाट खांबावर ठोकर बहुतेक नेहमी तेवढ्याच वीतभर पट्ट्यात बसते. खांबावरचा फोम त्या पट्ट्याच्या वर-खाली एकेक हात जास्त ठेवला की झालं. दारावरही तेवढ्याच भागाला संरक्षण हवं, वरपासून खालपर्यंत नाही.

दाराच्या त्या भागाला मी पारदर्शक फिल्म सुचवेन, पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) म्हणतात ती, टीपीयू या लवचीक प्लास्टिकची. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते, म्हणजे रंगाच्या सगळ्या थरांइतकी किंवा त्याहून जास्त. कडेवरून दुमडून आतपर्यंत चिकटवली की आत पोकळी राहत नाही, धूळ भरत नाही. साध्या पीव्हीसीच्या स्वस्त पारदर्शक पट्ट्या मात्र घेऊ नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्या पिवळ्या पडतात आणि पांढऱ्या गाडीवर ते लगेच डोळ्यांत येतं. मुलाच्या दाराला, म्हणजे मागच्या उजव्या, मऊ रबरासारखा यू आकाराचा तुकडा लावायला हरकत नाही. दोन अटी. आत धातू नको, आणि लांबी फुगीर जागेपुरतीच, हातभराहून कमी. लावल्यावर दार बंद करून फटीत कागदाची पट्टी सरकवा. सहज सरकली तर ठीक, अडली तर गार्ड जाड आहे. आणि दर सहा महिन्यांनी तो काढून आतली कड धुवा. काढणार नसाल तर लावूच नका.

काही स्कोडा गाड्यांत दार उघडताच कडेवर प्लास्टिकची पट्टी आपोआप पुढे येते आणि बंद होताना आत जाते. मला ती रचना फार आवडते, कारण कड बाकीचा सगळा वेळ मोकळी आणि कोरडी राहते. आपल्या गाडीला ती बाहेरून लावून मिळत नाही.

चिकटवायची कुठलीही वस्तू दुपारी लावू नका. तापलेल्या पत्र्यावर गोंद नीट धरत नाही. सकाळी गाडी रात्रभर सावलीत राहिलेली असताना कड धुवा, वाळवा, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग लावून मिनिटभर दाबून धरा. गोंदाला पूर्ण जोर यायला तीन दिवस लागतात. तेवढे दिवस गाडी धुऊ नका. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी गाडी धुवायची सवय असते. हे काम पाण्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. कडेचा गार्ड तुमची कड वाचवतो आणि शेजाऱ्याचा पत्रा वाचवतो. शेजाऱ्याच्या दाराने तुमच्या दाराच्या पोटात पोचा पडायचा असेल तर तो पडतोच. त्यासाठी दाराच्या मधोमध आडवं साइड मोल्डिंग, म्हणजे जाड पट्टी, लागतं आणि तेही शेजाऱ्याच्या गाडीची उंची जुळली तरच उपयोगाचं. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाजवळ गाडी लावायची वेळ आली, की कुठल्याच पट्टीवर भरवसा नको. थोडं लांब लावून चालत जाणं बरं.

आणि मामा. खरं सांगतो, तुमच्या पत्रातला हा भाग वाचून मला बरं वाटलं. बहुतेक पत्रांत वडीलधाऱ्यांविषयी तक्रारच असते, तुम्हाला त्यांचं मन जपायचंय.

मामा दार आपटत नाहीत. गुडघा दुखणाऱ्या माणसाला बसल्याचं उभं राहायला काहीतरी धरावं लागतं आणि हाताशी दारच असतं. दार बिजागरीवर फिरतं, भार आला की पुढे पळतं. त्यामुळे त्यांचाही तोल जात असणार, आज खांब आहे म्हणून दार थांबतंय. तेव्हा ‘दार हळू उघडा’ असं सांगून काही होणार नाही. त्यांना आधार दुसरा द्या. सीट पूर्ण मागे सरकवा म्हणजे दोन्ही पाय एकदम बाहेर वळवता येतील. डोक्यावरचं हँडल उजव्या हाताने आणि सीटची कड डाव्या हाताने धरून उठायची सवय लागली की दारावर भार येणार नाही. दार कुणीतरी बाहेरून धरून उभं राहिलं तर आणखी चांगलं.

पण सगळ्यात सोपं म्हणजे मामांना त्या खांबापाशी उतरवूच नका. गेटच्या आत, मोकळ्या जागेत, लिफ्टच्या जवळ गाडी थांबवा. मामा, मुलगा, पिशव्या, सगळे तिथेच खाली. मग गाडी जागेवर लावा. निघतानाही आधी गाडी बाहेर, मग मामा आत. त्यांना सांगताना गाडीचं नावही काढू नका. ‘मामा, तिथे फार अडचण होते, तुम्ही इथेच उतरा, मोकळं पडेल’ एवढंच. हे खोटं नाही, अडचण त्यांचीच होते.

एकदा का डावं दार जागेवर उघडायचं नाही असं ठरलं, की बाकीचं गणित सुटतं. पार्किंगची एक जागा सहसा अडीच मीटर रुंद धरतात आणि ब्रेझाची रुंदी १७९० मिलिमीटर. उरले ७१ सेंटिमीटर. मधोमध गाडी लावली तर दोन्ही बाजूंना ३५-३५, म्हणजे कुठलंच दार धड उघडत नाही. आता गाडी खांबापासून फक्त वीतभर अंतर ठेवून लावा. आरसा खांबाला लागत नाही ना, एवढं बघा, लागत असेल तर दोन बोटं आणखी सोडा. उजवीकडे जवळपास दोन विती मोकळ्या मिळतील. तिथून उतरणारे फक्त मिस्टर. त्यांनी दार डाव्या हाताने उघडायचं आणि उजवा हात कडेवर ठेवायचा. हाताची बोटं मधे असली की दार कुणाच्या गाडीला लागत नाही. मुलगा लहान असेल तर मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावून ठेवा. म्हणजे दार बाहेरून मोठं माणूसच उघडेल.

राहिले शेजारचे काका. त्यांच्याकडे जायच्या आधी मुलाने केलं की नाही यावर घरात खल नको. मिस्टरांना घेऊन जा आणि त्यांच्याच समोर तो ओरखडा ओल्या फडक्याने पुसून त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडलं नाही तर तो चरा नाहीच, तुमचा पांढरा रंग त्यांच्या क्लिअर कोटवर चढलाय. मऊ कापडावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड (रंगावरचे डाग घासून काढायची पेस्ट) घेऊन हलक्या हाताने गोल गोल फिरवलं की दहा मिनिटांत निघतो, वरून पॉलिशचा हात. नख अडलं तर टचअपचा खर्च आम्ही देतो म्हणा आणि रंगवाला त्यांच्या पसंतीचा असू द्या. जाताना रंगीत खडूही घेऊन जा. मुलाचं दार हळू उघडून कडेची फुगीर जागा त्यांच्या दाराच्या कितव्या उंचीवर येते ते दोघांनाही दिसेल. ओरखडा त्याच उंचीवर असेल तर मुलाला पुढे बोलावून ‘काका, चुकलं’ म्हणायला लावा. नसेल तर काका स्वतःच बघतील, तुम्ही काही बोलू नका.